मोडीत न निघणारे आप्पामामा

आरटीओच्या हिशेबात खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे चालवायचं तर फेरनोंदणी करा, नाहीतर भंगारात घाला. आमच्या आप्पामामांच्या तोंडात एकदा शिरलेलं वाहन मात्र कधीच भंगारात जात नाही. पीएमटीची पीएमपी २००७ साली झाली, ती बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नाही. स्वारगेटला जाऊन ते चौकशीच्या खिडकीत 'एशियाड किती वाजता?' असं विचारतात. १९८२ साली दिल्लीत एशियाड झालं, त्या सुमारास आलेल्या निमआराम बसला लोकांनी हे नाव दिलं. खिडकीमागच्या मुलाचा तेव्हा जन्मही झालेला नसतो. तो बिचारा खेळांचं वेळापत्रक शोधत असावा.

नावं बदलणाऱ्यांवर मामांचा राग आहे. 'जन्मभर लाल डबा म्हटलं. आता म्हणे लालपरी. डब्याची परी केलीत, पण खिडकीची काच अजून तशीच वाजते!' १९४८ साली १ जूनला पहिली एसटी पुण्याहून नगरला गेली आणि २०२२ साली त्याच तारखेला, त्याच रस्त्यावर विजेवरची 'शिवाई' धावली. भाच्यानं कौतुकानं पेपर दाखवला. मामांनी चष्मा वर केला. 'नगरला जाते ना? मग यष्टीच.'

मालवाहू म्हणून जे जे दिसेल तो टेम्पो. वास्तविक टेम्पो हे जर्मनीतल्या एका कंपनीचं नाव. तिच्याशी हातमिळवणी करून बजाज टेम्पो उभी राहिली आणि २००५ साली तिनंही नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. 'कंपनीनं टाकलं म्हणून मी टाकू?' असं मामांचं म्हणणं. याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण मीही टेम्पोच म्हणतो.

विजेच्या स्कूटरनं मात्र त्यांना पेचात पकडलं. दुचाकी म्हणजे फटफटी हा त्यांचा सिद्धान्त. भाची नवी कोरी स्कूटर घेऊन दारात आली. मामांनी कान देऊन पाहिलं. फट नाही, फटफट तर नाहीच. बराच विचार करून त्यांनी तिची नोंद 'मुकी' अशी केली. 'मुकी घेऊन जा आणि कोथिंबीर आण,' हे वाक्य आमच्याकडे पाहुण्यांसमोर बोललं जातं.

पण खरा घोळ 'गाडी'चा. लहानपणी गावाकडे गाडी म्हणजे बैलगाडी. मुंबईला नोकरीत असताना गाडी म्हणजे लोकल, पुण्यात बदली झाल्यावर स्कूटर आणि आता मुलाच्या घरी चारचाकी. बाकीच्यांनी एकेक अर्थ मागे टाकला, मामांनी चारही सांभाळले आणि ते एकाच दिवशी वापरतात. 'गाडीला पाणी दाखवलं का रे?' असं त्यांनी विचारलं की नवा जावई बॉनेट उघडायला धावतो. धाकट्या भाच्याचं लग्न ठरत होतं तेव्हा मामा बैठकीत ठासून म्हणाले, 'मुलाची स्वतःची गाडी आहे.' साखरपुड्याला भाचा एम-एटीवरून आला. मुलीच्या वडिलांचा चेहरा पाहून मामाच चिडले. 'पुण्यात गाडी म्हणजे दुचाकीच. चारचाकीला मोटार म्हणतात. मी मोटार म्हटलं होतं का?' लग्न झालं. व्याही आजही मामांच्या प्रत्येक वाक्यानंतर 'म्हणजे नक्की काय?' विचारतात.

आता यावरून कुणाला वाटेल, मामा जुन्या काळात रमलेत. छे! टांगेवाल्याशी ते उभं आयुष्य भाड्यासाठी भांडले, घोड्याच्या वासानं त्यांचं डोकं दुखायचं आणि बैलगाडीत कंबर मोडते म्हणून गावची जत्रा त्यांनी सोडली. त्यांना शब्द जुना हवा, पण गादी नवी हवी. थंडगार एसी हवाच. अशा माणसाचं मला जुनी नाणी जमवणाऱ्यांपेक्षा जास्त कौतुक वाटतं, कारण हा आपली नाणी बाजारात चालवून दाखवतो.

परवाच त्यांना दवाखान्यात न्यायला मी मोबाइलवर गाडी बोलावली. चालकाचा फोन आला, तो मामांनीच घेतला.

'काका, कुठं उभे आहात?'

'टांगा स्टँडवर.'

'मॅपवर तसं काही दाखवत नाही.'

'अरे, मॅप कालचा, स्टँड ब्रिटिशांच्या वेळचं!'

'बरं, मोमोजची गाडी दिसतेय का तिथं?'

मामांनी मान वळवून शोधलं. 'गाडी आहे. बैल सोडलेत.'

तो हसत हसत आला. वाटेत मामांनी दोनदा एसी वाढवायला लावला. उतरल्यावर मोबाइलनं विचारलं, प्रवास कसा झाला? मी तारे देणार, तेवढ्यात मामांनी खांद्यावरून डोकावून मजकूर सांगितला. 'लिही, घोडा गुणी आहे, पण टांगेवाला फोनवर फार बोलतो.'