एक्स्टेन्शन १०१

सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात रिक्षावाल्याशी जमेल तसं गुजराती बोलावं, तर तो अहिराणीत उत्तर देतो. खानदेशातून आलेल्या माणसांच्या या वस्तीत दर दोन सोसायट्यांमागे एक नाना असतातच. साठी उलटलेली, मिलच्या हिशेबखात्यातून निवृत्त, घरबसल्या चार-सहा कापड व्यापाऱ्यांच्या जीएसटीची कामं. ती एका मोबाइलवर आरामात उरकतील. पण नानांना ऑफिस हवं असतं, आणि एक्स्टेन्शन नसेल तर ते कसलं ऑफिस!

म्हणून देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर, राउटरला खेटून, नानांचं टेलिफोन एक्स्चेंज थाटलेलं असतं. नातवाने टाकून दिलेला कॉम्प्युटर, त्यात ‘अ‍ॅस्टेरिस्क’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर, आणि दोन आयपी फोन. १०१ नानांच्या टेबलावर, १०२ स्वयंपाकघरात. बाहेरून फोन केला की नानांचाच आवाज गंभीरपणे सांगतो: जीएसटीसाठी एक दाबा, हिशेबासाठी दोन, तक्रारीसाठी तीन. एक दाबा नाहीतर दोन, वाजतो १०१च. तीनला काकू उचलतात, त्यामुळे तक्रारी येत नाहीत.

अ‍ॅस्टेरिस्क १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर या अमेरिकन पोराने लिहिलं, कारण कंपनीसाठी फोनयंत्रणा विकत घ्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते. नाना हे अशा जिव्हाळ्याने सांगतात की स्पेन्सर पारोळ्याचा भाचा वाटावा. ‘‘विप्रो कुठे सुरू झाली? अमळनेरला, १९४५ साली, तेलातुपाच्या धंद्यातून. मग उधन्यात एक्स्चेंज का नाही?’’ यावर कोण काय बोलणार!

फोन वाजण्याची अडचण कधीच नव्हती. उचलला की नानांचा आवाज पलीकडे जातो, पलीकडचा काही इकडे येत नाही. रिंग रोडवरचा शेठ ‘संभळाय छे? संभळाय छे?’ करत घसा फोडतो आणि नाना शांतपणे म्हणतात, ‘‘शेठ, मूकशो नहीं, लॉग बघतोय.’’ जन्मभर शेठलोकांचं ऐकून घेतलेल्या माणसाला ही व्यवस्था मनातून आवडत असावी, असा माझा संशय आहे.

कारण विचारलंत तर संध्याकाळ गेली. ‘‘राउटर म्हणजे आपला वॉचमन. आतून काही बाहेर गेलं की वहीत नोंद. त्याचं उत्तर आलं की वर सोडतो, अनोळखी कुरिअर गेटवरच. फोन वाजवायचा निरोप येतो ५०६० नंबरच्या पोर्टवर. आवाज येतो भलत्याच पोर्टवर, त्याची वहीत नोंदच नाही. बसला बाहेर!’’ शिवाय ही नोंद थोड्या वेळाने आपोआप पुसली जाते, म्हणून नानांचा फोन दर वीस सेकंदांनी ‘मी आहे, मी आहे’ असं राउटरला कळवत राहतो. आणि मग आवाज खाली आणून, शेजारच्या भानगडी सांगाव्यात तसं: ‘‘काही राउटरांत एसआयपी एएलजी असतं. मदत म्हणून ठेवलेलं. हा वॉचमन पाकिटं फोडतो आणि आतला पत्ता आपल्या अकलेनं दुरुस्त करतो!’’ खालच्या खऱ्या वॉचमनने हे एकदा ऐकलं. तेव्हापासून नानांचं कुरिअर तो हातही न लावता वर धाडतो.

एएलजी बंद केलं, पोर्ट उघडले, तरी शेठ मुकाच. शेवटी कळलं की इंटरनेट कंपनीने कित्येक घरांना मिळून एकच पत्ता दिलाय. म्हणजे सोसायटीच्या गेटाबाहेर आणखी एक गेट. नानांनी जादा पैसे भरून स्वतंत्र स्थिर आयपी घेतला. घर भाड्याचं, आयपी मालकीचा.

कायदाही तोंडपाठ. १ एप्रिल २००२ ला इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली, पण कॉम्प्युटरवरून देशातल्या साध्या फोनला कॉल लावायला मनाई. तो रस्ता खुला झाला २०१८ मध्ये. ‘‘सोळा वर्षं थांबलो,’’ नाना उसासा टाकतात. ती सोळा वर्षं ते मोबाइलवर बोलत होते, हे काढायचं नसतं.

एका कॉलला शंभर केबीपीएससुद्धा लागत नाही, तरी नानांनी राउटरमध्ये आवाजाला पहिला मान दिलाय. नातवाच्या गेममध्ये काही बिनसलं की तो आता थेट आजोबांच्या नावाने बोंब मारतो. उत्तरायणाला गच्चीवर ‘काप्यो छे’चा गजर झाला की सगळी सोसायटी पतंगाकडे बघते, नाना फायबरच्या वायरीकडे.

मध्यंतरी सगळं सुरळीत चाललं. दोन्ही बाजूंनी स्वच्छ ऐकू येत होतं, शेठ खूश, आणि नानांचा चेहरा उतरलेला. टेबलाशी बसायचे, रिसीव्हर उचलून डायल टोन ऐकायचे, ठेवून द्यायचे. काकूंनी बीपी तपासून आणायला सांगितलं. मग एका रात्री राउटरने आपणहून फर्मवेअर अपडेट केलं आणि एएलजी पुन्हा चालू झालं.

सकाळी स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या, ‘‘अहो, फोन वाजना, पन कोनी बोलस नही!’’

नाना ताडकन उठले. ‘‘ठेवू नको! धरून ठेव,’’ चष्मा शोधत ते म्हणाले, ‘‘आणि आज दवाखान्यात काही जमायचं नाही.’’