डॉक्टरची गाडी आणि मिस्त्रीचा रिव्ह्यू

रिलायंट रॉबिन ही तीन चाकांची ब्रिटिश गाडी: पुढे एक चाक, मागे दोन. आपल्या ऑटोला मोटारीचा कोट चढवावा तशी. २०१० साली बीबीसीच्या ‘टॉप गियर’ या मोटारींच्या कार्यक्रमात सूत्रसंचालक जेरेमी क्लार्कसनने ती चालवायला घेतली आणि वळण आलं की ती आडवी. कोणीतरी धावून यायचं, गाडी उभी करायचं, की पुढच्या वळणावर हा गृहस्थ पुन्हा आडवा. जग पोट धरून हसलं. २०१६ मध्ये खुद्द क्लार्कसननेच वर्तमानपत्रात लिहून टाकलं, की गाडी उलटावी म्हणून तिच्या डिफरन्शियलमध्ये मुद्दाम बदल करून घेतले होते. मधली सहा वर्षं रॉबिनच्या मालकांनी “आज कुठे पडलात?” हा प्रश्न किती वेळा ऐकला असेल, देव जाणे.

याच कार्यक्रमाने डिसेंबर २००८ मध्ये टेस्ला रोडस्टर ही विजेवरची गाडी तपासली. कंपनी म्हणे २०० मैल जाते. क्लार्कसन म्हणाला, आमच्या ट्रॅकवर ५५ मैलांत आटोपेल. पाठोपाठ माणसं ती गाडी ढकलत शेडमध्ये नेताना दाखवली. टेस्लाचं म्हणणं, बॅटरी संपलीच नव्हती! २०११ मध्ये कंपनी कोर्टात गेली आणि २०१३ मध्ये अपिलातही हरली. शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी पिळून काढली तर ती रस्त्याइतकी चालणार नाही, एवढं प्रेक्षकाला कळतं, असा न्यायाधीशांच्या म्हणण्याचा रोख होता. ढकलगाडीचा प्रसंग मात्र पचायला जड जातो. अतिशयोक्ती वेगळी आणि धडधाकट बैलाला लंगडा म्हणून बाजारात उभं करणं वेगळं.

हा फरक समजायला कारंजा (घाडगे) इथे कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. नागपूर-अमरावती महामार्गावरचं हे वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. आजूबाजूला संत्र्याच्या बागा. बहार बरा विकला गेला की घरात जुनी चारचाकी घ्यायची चर्चा सुरू होते आणि गाडी बघायला जाताना मिस्त्रीला सोबत न्यावंच लागतं. मिस्त्री बोनेट उघडतो, ऑइलचा दांडा ओढून बोटावर पुसतो, एक चक्कर मारून येतो आणि चारचौघांत निकाल देतो: “ह्या गाडीले सत्याग्रही घाटात घालसान, त थे घाटातच सत्याग्रहाले बसन.”

तळेगावजवळचा हा घाट सगळ्यांच्या पायाखालचा. त्यामुळे गाडी खरोखर उपोषणाला बसेल असं कोणी समजत नाही. क्लच गेला आहे, हे सगळ्यांना कळतं आणि किंमत जागच्या जागी उतरते.

आता विकणाऱ्याचं ऐका. आवाज खालचा, चेहरा देवळातून आल्यासारखा. “डॉक्टरसायेबाची गाडी हाये. सिंगल हँड. लग्नागिग्नालेच काढत होते.” यात एकही विनोद नाही, एकही अतिशयोक्ती नाही आणि बहुतेक वेळा एकही खरा शब्द नाही. विदर्भात आजवर विकल्या गेलेल्या ‘डॉक्टरच्या’ गाड्या खरंच डॉक्टरांच्या असत्या, तर दर तालुक्याला एक मेडिकल कॉलेज काढावं लागलं असतं.

गंभीर चेहऱ्याची सर्वांत मानाची जागा मात्र मायलेजच्या आकड्याची. पुण्याच्या एआरएआय या १९६६ साली स्थापन झालेल्या, गाड्या तपासणाऱ्या संस्थेचं नाव त्यामागे लागलं की गिऱ्हाईक हात जोडतं. आकडा खोटा नसतो. तो प्रयोगशाळेतला असतो. गाडी रोलरवर उभी, एसी बंद, ठरवून दिलेल्या वेगाने ११८० सेकंद चाकं फिरतात. कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, एकूण अंतर साडेदहा किलोमीटरच्या थोडं पुढे. एवढ्या चाचणीत कारंज्याहून निघालेली गाडी तळेगावलाही पोचायची नाही. शिवाय रोलरवर घाट नसतो, मे महिना नसतो आणि मागच्या सीटवर चार पाहुणे अन् डिक्कीत संत्र्याच्या पेट्या नसतात. आकडा सांगताना शोरूममध्ये कोणी हसत नाही, इथेच घोळ होतो. क्लार्कसनच्या आवाजात तो सांगितला असता तर लोकांनी आपणहून चार-पाच किलोमीटर वजा केले असते.

मोबाइलवरच्या आजच्या परीक्षणांत तर टिंगलही पातळ झाली आहे. “या किमतीत चालून जातं” म्हणजे वाईट, “शहरासाठी उत्तम” म्हणजे चढावर दम लागतो, हे प्रेक्षकानेच ताडायचं. कंपनी परीक्षकाला विमानाने नेते, समुद्रकाठच्या हॉटेलात उतरवते. जेवण झाल्यावर सस्पेन्शन मऊच वाटणार. म्हणून जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने नियमावली काढली: पैसे, भेटवस्तू, सहल, काहीही घेतलं असेल तर तसं स्पष्ट सांगा. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीला दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर पन्नास.

महामार्गावरच्या एखाद्या टपरीवर हा नियम वाचून दाखवला, तर मिस्त्रीला त्यात नवीन काही वाटणार नाही. “मी त आधीच सांगतो नं भाऊ, दोघायकडूनबी घेतो म्हून. घेणाऱ्याकडून खरं बोलाचे, इकणाऱ्याकडून कमी बोलाचे.”

“मंग जास्त कोनाचे?”

“गाडी पाहून ठरते,” म्हणत तो बोनेट दाणकन लावतो.