पट्टेवाले काका

ऑन्टारिओतल्या आमच्या गावात पहिला बर्फ पडला की बाकीची मंडळी फावडी शोधायला लागतात. पट्टेवाले काका हातमोजा काढून अंगणात उकिडवे बसतात. मूठभर बर्फ घेऊन दाबतात. गोळा वळला तर "हं" म्हणतात, भुरभुर सांडला तर "हंऽऽ". या दोन हुंकारांत फरक काय, हे कामावर वेळेत पोचायचं असलेल्याने विचारू नये.

काकांकडे आर्गो आहे. आठ चाकांची, जमिनीवर चालणारी आणि पाण्यात तरंगणारी गाडी. तिच्या कारखान्याचं न्यू हॅम्बर्ग आमच्यापासून अर्ध्या तासावर, आणि १९६७ पासून ती बनते आहे, हे काका अशा थाटात सांगतात की पहिल्या गाडीपुढे नारळ यांनीच फोडला असावा. काकू तिला घंगाळ म्हणतात. अंग एकसंध, तळ बंद, आत बसायचं. नाव काही चुकीचं नाही.

खोल बर्फात या गाडीची चाकं खाली उकरत जातात, बूड बर्फावर टेकतं आणि आठही चाकं जागच्या जागी फिरत राहतात. म्हणून हिवाळ्यात चाकांवरून पट्टे चढवायचे. वजन पसरतं, चौरस इंचाला पौंडाहूनही कमी भार पडतो, आणि माणूस मांडीपर्यंत रुतेल तिथून गाडी वरच्यावर निघून जाते. इथवर सगळं सोपं आहे. पण "काका, पट्टे कुठले घ्यावेत?" असं कुणी विचारलं, की काका चष्मा पुसतात आणि विचारतात, "बर्फ कुठला?"

नवखा माणूस इथे हसतो. काका हसत नाहीत.

ताज्या, कोरड्या बर्फात रुंदी हवी. प्लास्टिकचा पट्टा हलका, पण गोठलेल्या उतारावर गाडी आडवी घसरते. "म्हणजे रबरी घ्यावा," आपण म्हणतो. "ते आहेच, पण—" रबर पकड देतं, तसं वजनही वाढवतं. इंजिनाची ताकद खातं, आतल्या साखळ्यांवर ताण आणतं. ओला बर्फ टायर आणि पट्टा यांच्यामध्ये चेपून गोठतो आणि पट्टा करकचून आवळला जातो. सैल ठेवावा तर वळताना निसटतो, कारण ही गाडी वळते ती एका बाजूची चाकं रोखून. शिवाय तळ्यावर वरून पांढराशुभ्र थर आणि खाली पाणी-बर्फाचा चिखल, त्याचं शास्त्र आणखी वेगळं. आपण कुठलाही निष्कर्ष काढला तरी समोरून "ते आहेच, पण" येतंच. तोवर चहा दोनदा झालेला असतो.

अशा माणसांना वस्तू घ्यायचीच नसते, नुसतं बोलायचं असतं, असं म्हणतात. काकांच्या बाबतीत ते साफ खोटं आहे. काकांनी दोन्ही घेतले. गॅरेजात पट्टे सुखाने पहुडलेले असतात आणि उणे वीसमध्ये काकू आपल्या मोटारीची काच बाहेर खरवडत असतात. त्यातून बाहेर पडायच्या दिवशी हमखास चुकीचा संच चढवलेला निघतो. तो उतरवून दुसरा चढवेपर्यंत ऊन वर येतं आणि बर्फ बदललेला असतो.

नोकरीत असताना खिशाला पेन असायचं, तिथे आता हवेचा गेज असतो. साधा नव्हे. या टायरांत हवा इतकी कमी की पेट्रोलपंपावरचा काटा हलतही नाही. रात्री थंडी वाढली की टायरातला दाब उतरतो आणि पट्टा सैल पडतो. म्हणून झुंजूमुंजू व्हायच्या आत काका झोपायच्या कपड्यांवर जाड कोट चढवून हजर. रक्तदाब मात्र काकू आठवण करतील तेव्हाच मोजतात.

पट्ट्यांचा विषय निघाला आणि काका चेष्टेला दाद देईनासे झाले, असं एकाच गोष्टीपाशी होतं. क्यूबेकमधल्या व्हॅलकूर गावचा मेकॅनिक जोझेफ-आर्माँ बोंबार्दिए. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला, रस्ते बर्फाने बंद, इस्पितळ गाठता आलं नाही आणि मूल गेलं. त्याने दातेरी चाक आणि पट्ट्याच्या रचनेचं पेटंट १९३७ मध्ये मिळवलं. पुढे त्याच्या सात माणसांच्या बर्फगाड्यांतून डॉक्टर गावोगाव पोचू लागले. एवढं सांगून काका म्हणतात, "पट्ट्याला हसू नये." मग कुणी हसत नाही.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काठपदरावर बर्फाचे बूट घालून बायका आल्या. निघताना एकीची मोटार नेमकी नगरपालिकेच्या नांगराने दारात लोटून ठेवलेल्या ढिगात रुतली. काका तत्परतेने बाहेर आले आणि टायर कुठले, हवा किती, कधी भरली, अशी चौकशी सुरू झाली. तेवढ्यात काकूंनी चाकांखाली वाळू टाकली, दोघींनी मागून रेटा दिला आणि मोटार निघालीसुद्धा.

"निघाली, ते आहेच," काका म्हणाले, "पण बर्फ कुठला होता ते बघायला हवं होतं."

काकूंनी उरलेल्या ढिगाकडे बोट दाखवलं आणि फावडं त्यांच्या हातात दिलं. "उपसा म्हणजे कळेल."