आलिशान गाडीच्या दात्यास अनावृत पत्र

प्रति,
वाशीम जिल्ह्यातील संस्थेस जुनी एसयूव्ही अर्पण करू इच्छिणारे सर्व दानशूर
विषय : वाहनदानाची कार्यपद्धती व परिणाम

आलिशान एसयूव्ही दानयोग्य होण्याची वेळ ठरलेली असते. वॉरंटी संपते, मोठी सर्व्हिस तोंडावर येते आणि नव्या गाडीचे बुकिंग झालेले असते. हा त्रिवेणी योग जुळला की मालकाच्या मनात समाजाविषयी कळवळा दाटून येतो. त्यासाठी वाशीम सोयीचा. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. त्यामुळे ‘मागास भागासाठी’ हे शब्द फ्लेक्सवर बिनदिक्कत छापता येतात.

अर्पण सोहळ्यात बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू आणि मान्यवरांच्या हाती सोनेरी कागद डकवलेली दोन हात लांब पुठ्ठ्याची किल्ली असते. खरी किल्ली ड्रायव्हरच्या खिशात असते. तीही एकच, दुसरी सापडत नाही.

बहुतेक दाते सोहळा हेच हस्तांतरण समजतात. मोटार वाहन कायदा, १९८८ तसे समजत नाही. कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात गाडी दिल्यास १४ दिवसांत आरटीओला कळवावे लागते. त्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात आणि कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ व बँकेचे पत्रही. नाव बदलायचे राहून गेले आणि अपघात झाला, तर नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले. अशा वेळी दानाची रक्कम दात्याच्या अपेक्षेपेक्षा बरीच वाढू शकते.

कराच्या बाबतीत निराशा मोठी. आयकरात देणगीची वजावट मिळते ती पैशाच्या दानाला. वस्तुरूप दानाला नाही, मग वस्तू तांदळाचे पोते असो की सनरूफची गाडी. अमेरिकेत गाडीच्या दानालाही सवलत आहे. तिथे पूर्वी दाते भंगाराची किंमत मनाला येईल तशी लावत. २००५ पासून पाचशे डॉलरच्या वरच्या दाव्याला साधारणपणे संस्थेने गाडी विकून जेवढे मिळवले तेवढ्याचीच मर्यादा आली.

आता संस्थेकडे. मानोऱ्याच्या बाजूचे एखादे वसतिगृह धरले, तर त्याला गाडी लागते ती किराणा, गॅस सिलिंडर आणि रात्री तापाने फणफणलेले मूल यांच्यासाठी. मिळते ती क्रीम रंगाच्या लेदर सीटची. बीएस-६ डिझेल असेल तर धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ होण्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगाने पळावी लागते. गावातल्या गावात फिरली की फिल्टर चोंदतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग शेलूबाजारला समृद्धी महामार्गावर चढायचे, टोल भरायचा, कारंज्यापर्यंत गाडी पळवायची आणि परत यायचे. एवढे डिझेल जाळल्यावर काजळी जळते. अनेक मॉडेलांत स्टेपनीच नसते. त्यांचे टायर हवा गेल्यावरही थोडे अंतर चालणारे असतात. पांदण रस्त्यावर बाभळीचा काटा रुतला की पंक्चरवाला टायर फिरवून बघतो, आकार वाचतो आणि मान हलवतो. कंपनीचे वर्कशॉप गाठायला नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर, म्हणजे अख्खा दिवस मोडला. इंजिन १५०० सीसीच्या वर असल्याने थर्ड पार्टी विमाच २०२२ च्या दराने वर्षाला ७,८९७ रुपये, आणि तोही करापूर्वी.

‘अॅम्ब्युलन्स करून टाका’ ही सूचना भाषणात हमखास येते. कलम ५२ नुसार गाडीत मनाजोगते फेरफार करता येत नाहीत आणि रुग्णवाहिकेला एआयएस-१२५ हे वेगळे मानक आहे. मुलांची ने-आण करण्याची हौस असेल, तर राज्याचे २०११ चे स्कूल बस नियम आधी वाचावेत.

गाडीपेक्षा तिची किंमत देवाच्याही अधिक कामी येते, हे केरळात दिसले. गुरुवायूर मंदिराला डिसेंबर २०२१ मध्ये महिंद्राने नवी थार दिली. देवस्थानने ती ठेवून न घेता लिलावात काढली. एकच बोली आली, १५ लाख १० हजारांची. तक्रारी झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जून २०२२ च्या फेरलिलावात तीच गाडी ४३ लाखांना गेली. वाशीमच्या वसतिगृहाला असा लिलाव जमणार नाही. त्यासाठी भाविकांची गर्दी लागते. गाडी शहरातच विकून संस्थेला चेक देणे दात्याला मात्र सहज जमण्यासारखे आहे. संस्थेकडे अशा वजावटीसाठीची मान्यता असेल आणि दाता जुन्या करप्रणालीत असेल, तर देणगीचे प्रमाणपत्र घेऊन वजावटही मागता येते. या मार्गात बॉनेट नसल्याने हार कुठे घालायचा, हा प्रश्न उरतो.

कळावे, लोभ असावा.

ता. क. : गाडी दिली तरी विम्याचा नो क्लेम बोनस दात्याकडेच राहतो, तो संस्थेच्या नावावर होत नाही. नव्या गाडीच्या ओन डॅमेज प्रीमियमवर त्यातून ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. हे कलम दात्यांना सहसा पाठ असते.