उणे सोळा तासांची रात्रपाळी

तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्याचा डेटाबेस कसा असावा, यावर डोकं शिणवणाऱ्यांची मला दया येते. एक तक्ता पुरतो. डावीकडे माणसं, वर तारखा, चौकोनात पाळी. माणसांचा तक्ता वेगळा, पाळ्यांचा वेगळा, कोणाला कोणती पाळी लावली त्याचा तिसरा, असले विभक्त संसार थाटायची खोड आयबीएमच्या एडगर कॉड यांच्या १९७० सालच्या निबंधापासून लागली. कॉडसाहेब ऑक्सफर्डला गणित शिकलेले. टाइम ऑफिसात बसायची वेळ त्यांच्यावर आली नसावी.

प्रत्येक तारखेला एक रकाना देण्यात दूरदृष्टी आहे. एक्सेलच्या जुन्या आवृत्त्यांत २५६ रकाने असत, त्यामुळे जानेवारीत मांडलेलं वर्ष सप्टेंबरात, गणपतीच्या सुमारास संपायचं. निम्मा कारखाना तेव्हा कोकणात असल्याने कोणाची तक्रार नसे. २००७ च्या आवृत्तीपासून रकाने १६,३८४ झाले. रोजचा एक धरला तर ४४ वर्षं पुरतात. तोवर आज लागलेला अप्रेंटिससुद्धा निवृत्त होतो.

माणसांना क्रमांक द्या, असं काही जण सुचवतात. क्रमांक तुरुंगात देतात. आपल्याकडे 'पाटील', 'पाटील छोटे' आणि 'पाटील क्रेन' अशी घरगुती सोय आहे. पाटील छोटे आता सुपरवायझर झालेत आणि पाटील क्रेन पेंटशॉपला गेलेत. पण नाव बदललं तर मागचा हिशेब तुटतो, म्हणून पेंटशॉपच्या पाळीत क्रेन दिसते एवढंच. चौकोनातही असाच मोकळेपणा हवा. '२/३ कांबळेऐवजी, अर्धा' एवढ्या मजकुरात दोन पाळ्या, एक बदली आणि अर्ध्या दिवसाची रजा मावते. शिवाय रंग आहेतच: पिवळा म्हणजे रजा, गुलाबी म्हणजे न सांगता दांडी. बेरजेच्या सूत्राला रंग कळत नाहीत, पण ते सूत्राचं अज्ञान.

खरी मौज रात्रपाळीत. सुरुवात २३ वाजता, शेवट ७ वाजता. सातातून तेवीस वजा केले की उणे १६. एक रात्र राबला की कामगार कंपनीचे सोळा तास देणं लागतो, सहा रात्रींचे शहाण्णव. पाळी सुरू कधी झाली आणि संपली कधी हे तारखेसकट नोंदवा, म्हणजे हा घोळ होणार नाही, असं शंकेखोर सांगतात. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीचे बारानंतरचे तास आदल्या दिवसात धरावेत, असं १९४८ च्या कारखाना अधिनियमाचं ५७ वं कलमही सांगत होतं. पण त्याच कायद्यात आठवड्याला ४८ तासांची कमाल मर्यादा होती, हे ते विसरतात. उणे ९६ त्या मर्यादेत ऐसपैस बसतात, आणि ओव्हरटाइमच्या दुप्पट दराचा विषयच निघत नाही.

पोस्टग्रेससारख्या डेटाबेसला तर इतकं शेफारून ठेवता येतं, की एकाच माणसाच्या दोन पाळ्यांच्या वेळा एकमेकींवर आल्या तर तो नोंदच घेत नाही. सुपरवायझरला नाही म्हणणारा डेटाबेस काय कामाचा? दिवाळीच्या तोंडावर माणसं कमी पडतात, तेव्हा एकाच माणसाला प्रेसवर आणि वेल्डिंगला एकाच वेळी उभं करावं लागतं. तक्ता ते निमूट लिहून घेतो. अडचण आलीच तर ती त्या माणसाला येते.

स्वच्छतेच्या बाबतीतही तक्त्याला तोड नाही. राजीनामा आला की ती ओळ काढून टाकायची. माणसाबरोबर त्याच्या साऱ्या पाळ्या जातात, मागे उष्टंखरकटं राहत नाही. गेल्या दिवाळीच्या आठवड्यात तिसऱ्या पाळीला असलेले सगळे एव्हाना सोडून गेलेत. त्यामुळे तक्त्यानुसार त्या रात्री कारखान्यात कोणीच नव्हतं, आणि माल मात्र पहाटे वेळेवर ट्रकमध्ये भरला गेला. मालकांनी ती नोंद दोनदा वाचली आणि यंदाच्या तिसऱ्या पाळीला तेवढीच माणसं मंजूर केली.