पुण्याच्या खालच्या अंगाला

पुण्याहून सोलापूरला राहायला आलेल्या माणसाला सोलापूरकर एकच प्रश्न विचारतो, तोही आवाज खाली आणून. ‘काय झालं?’ नोकरी गेल्याशिवाय, आईवडील अंथरुणाला खिळल्याशिवाय किंवा निदान पोलिसात काहीतरी प्रकरण असल्याशिवाय माणूस उलट्या दिशेनं येतो, यावर इथं कुणाचा विश्वास नाही. ‘घरून काम करायची मुभा आहे, म्हणून आलो’ असं सांगितलं की समोरचा समजूतदारपणे मान हलवतो आणि घरी जाऊन बायकोला सांगतो, ‘गेली बिचाऱ्याची नोकरी.’

त्याचंही चुकत नाही. या गावाला एकेरी वाहतुकीची सवय आहे. पोराला नव्वद टक्के पडले की ते पुण्याला जातं. पन्नास पडले तरी पुण्यालाच जातं, फक्त कॉलेजची फी वाढते. लग्नाच्या बाजारात तर उघड भाव लागलेले आहेत. गणवेश शिवण्याचा स्वतःचा कारखाना, विजापूर रस्त्याला बंगला, दारात गाडी, असा मुलगा ‘सोलापुरातच असतो’ एवढ्या एका अवगुणावर बाद होतो आणि हिंजवडीजवळ तिघांत एक खोली घेऊन राहणारा पसंत पडतो. मुलींना बोल लावण्यात अर्थ नाही. बंगला असला तरी त्यातल्या भाकऱ्या कुणी थापायच्या, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस एकदा बघावी. फलाटावर आई, डब्यात मुलगा, दोघांच्या मध्ये खिडकीच्या गजांतून आत जाणारी पिशवी. पिशवीत शेंगाचटणी आणि कडक भाकरी, म्हणजे पुण्यात गेल्यावरही महिनाभर सोलापूर खाता येतं. गाडी ज्यांच्या नावानं धावते ते मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हेही पुण्यालाच गेले होते. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर चढले. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरानं इंग्रजी अंमल काही दिवस उधळून लावला आणि मार्शल लॉ ओढवून घेतला, त्याची ती किंमत होती. ते सोलापूरसाठी गेले. आताचे प्रवासी सोलापूर नको म्हणून जातात, आणि आरक्षण मिळालं नाही तर उभ्यानं जातात.

असो. आम्ही आलो ते पैसा आणि वेळ दोन्ही वाचवायला. पुण्यात वाकडहून कुठंही जायचं तर आधी जेवून निघावं लागे. इथं आसरा चौकातून सात रस्त्याला दहा मिनिटांत पोहोचता येतं, आणि वाटेत कुणी ओळखीचं भेटलं तर पंधरा. अशा वाचलेल्या वेळाचं काय करायचं, असा प्रश्न मात्र कधी पडत नाही. तो वेळ नळ घेऊन जातो.

सोलापुरात पाणी रोज येत नाही. कधी तीन दिवसांआड, कधी चार, तर कधी काही बिघाड झाला म्हणून आणखी एक दिवस पुढं. त्यामुळं इथं दिवसाला वार नसतो, ‘पाण्याचा दिवस’ आणि ‘बिनपाण्याचा दिवस’ असतो. ‘उद्या आमचं पाणी आहे’ म्हटलं की लग्न, बारसं, बारावं, कशालाही न गेलेलं चालतं. समोरचा वाईट वाटून घेत नाही, उलट किती वाजता येतंय ते विचारतो. पाणी आलं की वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून ओरडतात आणि अख्ख्या गल्लीच्या मोटरी एकदम सुरू होतात. पहिलं पाणी लालसर येतं, ते झाडांना. मग हौद, मग गच्चीवरची टाकी, मग बॅरल, मग घागरी. शेवटी कुकरचा डबासुद्धा भरून ठेवला जातो. माझी एक ऑनलाइन मीटिंग अशीच पाइप धरून पार पडली. साहेबांना वाटलं, मी कोकणात धबधब्याला गेलोय.

आता हे पाणी कुठून येतं? उजनीतून, शंभरावर किलोमीटर लांबून. उजनी म्हणजे ११७ टीएमसीचं धरण. पावसाळ्यात शंभर टक्क्यांच्या वर जातं, उन्हाळ्यात उणे होतं. शिल्लक संपल्यावरही हिशेब चालू ठेवण्याची ही सोय सहकारी बँकांना अजून साधलेली नाही. आणि उजनीत पाणी येतं भीमेतून. भीमेला मिळते मुळा-मुठा, तीही पुणं ओलांडून आल्यावर. पुणेकर ज्यात न्हातो, धुतो आणि शेवटी साखळी ओढतो, ते सगळं रीतसर खाली येतं. काही शुद्ध करून, काही तसंच. पुढं आमच्या नळाला. पुणं सोडता येतं हो, पण खालच्या अंगाला राहून त्याचं पाणी चुकवता येत नाही. वर माणसं पाठवायची आणि खाली सांडपाणी घ्यायचं, अशी ही देवाणघेवाण आहे.

कागदावर मात्र दोन्ही शहरं सारखीच हुशार आहेत. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीची पहिल्या वीस शहरांची यादी आली, तिच्यात पुणं दुसरं होतं आणि सोलापूर नववं. नववा नंबर आल्यावर गावाला विमानही हवंसं वाटलं. धावपट्टीच्या वाटेत साखर कारखान्याची चिमणी येत होती. तिच्यावरून वर्षानुवर्षं मोर्चे, कोर्ट, उपोषणं झाली आणि १५ जून २०२३ ला ती स्फोटानं पाडली. त्यानंतर दोन वर्षांनी विमान आलं, ते गोव्याचं! मुंबईचं त्याच्याही नंतर. गावाची मोठ्ठी गरज काय, हे दिल्लीत बसून किती अचूक कळतं बघा.

तरी मी तक्रार करत नाही. इथं भाजीवाल्या मावशींशी मराठीत सुरुवात करावी, त्या शेजारणीला कन्नडमध्ये भाव विचारतात, पूर्व भागातलं गिऱ्हाईक तेलुगूत घासाघीस करतं आणि कोथिंबीर शेवटी फुकट मिळते. चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात माणसं एकमेकांशी प्रेमानं बोलतात. निदान दुपारी भांडत तरी नाहीत.

फक्त परवा घरमालक भाडं वाढवायला आले. मी म्हटलं, काका, हे सोलापूर आहे. ते म्हणाले, ‘पगार तर पुण्याचा आहे की!’ नोकरी गेली नाही हे ज्याला पटलं, असा हा गावातला पहिला माणूस. त्याला नाही कसं म्हणणार? शिवाय अडचणही सांगितली त्यांनी. मुलानं पुण्यात फ्लॅट घेतलाय, हप्ता जड जातोय, थोडा हातभार लावावा लागतो. पुण्यात हप्ता परवडत नाही म्हणून मी सोलापूर गाठलं, आणि आता इथून दर महिन्याला एक पुण्यातला हप्ता भरतोय. फ्लॅट वाकडला आहे म्हणे. पाणी चोवीस तास.