तयारीचे माहात्म्य

परदेशी मिशनसेवेला दीर्घ मुदतीसाठी निघणाऱ्यांची हल्लीची तयारी पाहून ऊर भरून येतो. निधीसंकलन, लसी, पाणी गाळायचे यंत्र, संस्कृतीपरिचयाचे शिबिर, निरोपसमारंभाचे फोटो. सगळे बॅगेत बसते.

डॉ. विल्यम वानलेस यांची तयारी मात्र शोचनीय होती. १८८९ साली न्यूयॉर्कला डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी सपत्नीक सांगलीकडे निघाले. उन्हाळ्याबद्दल एक व्याख्यानसुद्धा नाही! व्हायचे तेच झाले. १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय उभे राहिले, आणि गृहस्थांना परतायची आठवण १९२८ पर्यंत झाली नाही.

हे टाळण्यासाठी आमची नम्र सूचना : तयारीचाच काळ तीस वर्षांचा करावा. कृष्णेच्या पुराची रंगीत तालीम घ्यावी, सातारी कंदी पेढा पचवण्याची लेखी परीक्षा ठेवावी. प्रशिक्षणातच निवृत्त होणाऱ्यांना मानपत्र द्यावे. प्रवासखर्च वाचतो, रुग्णांचाही उपद्रव नाही.

परतीचे तिकीट तर आधीच काढावे. वानलेसांच्या त्या हलगर्जीपणापायी सांगली-मिरज दरम्यानच्या एका वस्तीला लोक अजून वानलेसवाडी म्हणतात.